हेडसरांच्या गाडीची कबुली

मी हेडसर अदार्क्वांची राखाडी गाडी बोलतेय. खरं तर तोंड वर करून बोलावं अशी माझी लायकी राहिलेली नाही. तरी बोलते. मनात ठेवून ठेवून जीव गुदमरतो.

माझा जन्म जर्मनीतला. नऊ वर्षं तिकडच्या थंडीत काढून जहाजाने इकडच्या उन्हात, तेमा बंदरात उतरले. हेडसरांनी मला त्यांच्या कुमासी शहरात आणलं आणि पहिल्या दिवशी स्वतःच्या हातांनी धुतलं. अकरा वर्षांत मी त्यांना एकदाही रस्त्यात उभं केलं नाही. चर्चच्या दारात मी थांबले की लोक "हेडसर आले" म्हणत बाजूला व्हायचे. त्या मानात थोडा वाटा आपलाही आहे, असं मला वाटायचं.

एका शनिवारी मयताच्या कार्याहून परतत होतो. सरांच्या अंगावर काळं वस्त्र होतं, बाहेर अजून लख्ख ऊन होतं. फोन वाजला, सरांनी खाली पाहिलं आणि मी पुढच्या पिवळ्या रिक्षावर जाऊन आदळले. रिक्षा कलंडली. कसाव्याच्या कंदांची पोती रस्त्यावर फुटली. एक बाई किंचाळली. मी तिच्या बाजूने पुढे गेले, तेव्हा कुठे सरांनी ब्रेक दाबला.

आणि मग मला तशीच पुढे पळवलं. पळवलं कसलं, मीच पळाले. चाकं माझी होती ना.

सोमवारी सरांनी मला सुआमेला, गॅरेजांच्या वस्तीत, पत्रा ठोकणाऱ्या मास्टर ओबिरींच्या शेडमध्ये आणलं. बॉनेट दुमडलेलं, बंपर लोंबतोय, एक दिवा बाहेर आलेला.

"झाडावर गेली," सर म्हणाले.

ओबिरींनी माझ्या नाकावरून अंगठा फिरवला. "हल्ली झाडांनाही पिवळा रंग देतात वाटतं, हेडसर?"

"लवकर आटपा हो. लोक विचारतात, गाडी कुठंय म्हणून."

 ओबिरींनी दोन्ही दिवे काढून ठेवले, बॉनेट उतरवलं आणि ठोकायला घेतलं. ठोके मला लागत नव्हते. आपला डाग पुसला जातोय, याचं बरं वाटत होतं, आणि त्याचीच जास्त लाज वाटत होती.

कुमासीत मोडलेलं सगळं शेवटी सुआमेतच येतं. बुधवारी शेजारच्या वेल्डरकडे ट्रकवरून एक पिवळी रिक्षा उतरली. तिच्यामागून मादाम तुम्वा आल्या, उजवा हात प्लास्टरमध्ये, गळ्यात अडकवलेला. नवऱ्यामागे त्याच ती रिक्षा चालवायच्या. मी त्यांना लगेच ओळखलं. नजर चुकवावी म्हटलं, तर माझे डोळे, म्हणजे दिवे, शेजारी जमिनीवर पडलेले.

तेवढ्यात सर काम बघायला आले.

"अगंबाई, हेडसर!" तुम्वाबाई उठूनच आल्या. "माझ्या धाकटीला तुम्हीच शिकवलंत की. नर्स झाली ती!" मग धडधाकट हाताने त्यांनी माझा चेपलेला मडगार्ड कुरवाळला. "तुम्हालाही कुणी ठोकलं का हो? ठोकतात आणि पळून जातात. माणुसकीच राहिली नाही बघा."

"हो ना," सर म्हणाले.

ओबिरींची हातोडी थांबली. माझ्या जाळीत अडकलेला पिवळ्या पत्र्याचा तुकडा त्यांनी बाजूला ठेवला होता. तो फडक्याने पुसून त्यांनी सरांच्या तळहातावर ठेवला आणि हळूच म्हणाले, "पत्रा मी सरळ करतो, सर. बाकीचं माझ्या हातोडीचं काम नाही."

सरांनी तो तुकडा मुठीत मिटला. मग त्यांनी पायातल्या चपला काढल्या, आमच्याकडे राजासमोर उभं राहताना काढतात तशा. त्या तेलकट मातीत अनवाणी उभे राहिले.

"बाई, तो मीच."

शेजारच्या शेडमधलं वेल्डिंगही थांबलं.

"हात भरून येईल," तुम्वाबाई सावकाश म्हणाल्या. "पण तुमचे मागचे लाल दिवे लागले होते. पडल्या पडल्या पाहिलं मी. वाटलं, थांबले, आता कुणीतरी उतरेल. ओरडायचंसुद्धा बंद केलं हो मी."

 मी तर मेल्याहून मेल्यासारखी झाले. ते लाल दिवे माझे होते.

"चपला घाला," बाई म्हणाल्या. "खिळे असतात इथं. आणि चला पोलिसांत."

दोघं पायीच गेले. सरांचा परवाना वर्षभरासाठी गेला. चर्चमध्ये त्यांनी स्वतः उभं राहून सगळं सांगितलं आणि पुढच्या बाकावरची जागा सोडली. रिक्षा नीट करून दिली. बाईंनी माफ केलं की नाही, मला ठाऊक नाही. रस्त्यात भेटल्या तर त्या नमस्कार घेतात, 'हेडसर' मात्र म्हणत नाहीत.

मी आता सरांच्या अंगणात उभी असते. ओबिरींनी चेपल्या जागी लांबी भरून, घासून, रंग असा बेमालूम मारलाय की येणारे-जाणारे म्हणतात, "वा, नवीकोरी दिसते!" तेव्हा मला जमिनीत गडप व्हावंसं वाटतं.

तुमच्या हातून कधी कुणाला धक्का लागला, तर नुसतं थांबून भागत नाही हो. दार उघडा. खाली उतरा.