शेंदरी धोंडा

सुदर्शन आमच्या माळावर आला तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली. संस्थेचा माणूस, शिरूर अनंतपाळहून मोटारसायकलवर यायचा. म्हणे जंगल पुन्हा उभं करायचं. नवं काही लावायचं नाही, फक्त कुऱ्हाड आणि शेळ्या थांबवायच्या. पळस, धावडा जुन्या खोडांतून आपोआप फुटतात. फुटतात, मला काय ठाऊक नाही? पण हा माळ म्हणजे गायरान, त्याच्याच कडेला माझा तुकडा आहे. सासऱ्यांनी दगड वेचून केलेला, आजवर नावावर न झालेला. माझं पोट त्याच्यावर. म्हणून सुदर्शननं झाडांची नावं विचारली तरी मी येत नाहीत म्हणायची.

एका सकाळी माझ्या बांधावरचा धोंडा शेंदरी दिसला. पुढं नारळ फुटलेला, हळदकुंकू वाहिलेलं. माझं पित्तच खवळलं. देव बसला की रान देवाचं होतं, आणि आम्ही बौद्ध माणसं. मी धोंड्याला हात लावला तर गाव पेटेल. हा सरपंच शेषेरावांचा डाव आणि सुदर्शन त्यात सामील, असं मी धरूनच चालले.

त्याला गाठून विचारलं, तर त्याचं तोंड उतरलं. रंग त्यानंच लावला होता. जंगल धोंड्यापर्यंत, पलीकडचं माझं रान सोडायचं, म्हणून ती खूण. देवळाच्या रंगकामातला उरलेला डबा शेषेरावांनी फुकट दिला, तोच वापरला. उष्ट्या हातानं कावळा न हाकणारा माणूस, त्यानं डबा फुकट द्यावा? आणि या शहाण्यानं तो धोंड्याला फासावा?

तरी माझा त्याच्यावरचा राग उतरला. आम्ही दोघं शेषेरावांच्या आईकडे, कस्तुराबाईंकडे गेलो. नारळ त्यांनीच फोडला होता. सुदर्शननं खुणेची सगळी हकिकत सांगितली. म्हातारीनं शांतपणे ऐकून घेतलं.

"हाव, रंग तू लावला. पर लावायची बुद्धी कुनी दिली?" मग माझ्याकडे वळल्या. "आता तिथं नांगर घालू नगंस, पंचशीला."

बाहेर आल्यावर मी त्याला म्हटलं, तूच पूस तो रंग, तुला कुणी काही म्हणणार नाही. त्यानं माळाकडे नजर टाकली.

"मावशी, देव आहे म्हटल्यावर आता तिथं कुणी कुऱ्हाड आणणार नाही." त्याचा आनंद लपत नव्हता.

"आनि माझं रान?"

तो गाडीला किक मारत राहिला.