शाळेची खुर्ची लातूरला निघाली

मी एक जुनी सागवानी खुर्ची आहे. मित्रांनो, म्हातारपणी माणसं चिडचिडी होतात म्हणतात. खुर्च्याही होतात. पण माझ्या चिडण्याला कारण आहे. ते आधी ऐका आणि मग मला नावं ठेवा.

माझा जन्म शिरूर अनंतपाळचा. दगडोबा सुतारानं मला घडवलं. पाठीला त्यानं जरासा बाक दिला आणि हातांवर इतका रंधा फिरवला की बसणाऱ्याचा तळवा तिथून निघायला तयार होत नसे. तिथून जवळच्याच एका खेड्यातल्या शाळेत मी आले. किती मुख्याध्यापक माझ्यावर बसले! पाहुणे आले की, "ती सागाची खुर्ची आणा," अशी हाक यायची. मला अभिमान वाटायचा. मग एक दिवस चाकांची, गरगर फिरणारी काळी खुर्ची आली आणि माझी रवानगी व्हरांड्यात झाली. मुलं माझ्यावर दप्तरं आदळू लागली, ओल्या छत्र्या अडकवू लागली. तेही मी सोसलं.

मागच्या हिवाळ्यात मात्र जे झालं, ते अजून माझ्या घशाखाली उतरत नाही.

आमच्या ऑफिसात मोबाइलला रेंज नाही. म्हणून मुख्याध्यापक सिद्रामप्पा सर व्हरांड्यात माझ्याजवळ येऊन बोलतात, तेही स्पीकर लावून. त्या दिवशी तालुक्याहून फोन होता.

"सर, लातूरला शाळांची म्युझिक स्पर्धा हाय. मेसेज इंग्रजीत आलाय. प्रत्येक शाळेनं आपली स्कूल चो... चोयर घेऊन यावं म्हणतेत."

"काय? चेअर?"

"हाव, तसंच कायतरी लिवलंय."

सरांचा चेहरा उजळला. त्यांनी महानंदा बाईंना हाक मारली. "बाई, लातूरला संगीत खुर्चीची स्पर्धा हाय! खुर्च्या आपल्याच न्यायच्या."

बाई घुटमळल्या. "सर, खुर्च्या इथून न्यायला सांगतेत? एकदा नीट विचारून घ्यावं का?"

"अहो, चेअर म्हणजे खुर्ची. त्यात काय विचारायचं?"

बाई वर्गात परत गेल्या. तिथंच घात झाला.

दुसऱ्या दिवसापासून मैदानात सराव सुरू झाला. मी आणि चार लोखंडी खुर्च्या गोलात, आणि भोवती सहा मुली पळताहेत. शाळेचा लाऊडस्पीकर बंद पडलेला. मग गाणं कुणी म्हणायचं? सातवीतल्या दामिनीनं. तिची आजी बसम्मा जात्यावर, रानात, कुठंही गाणारी. आजीची सगळी गाणी नातीच्या गळ्यात उतरलेली. दामिनी डोळे मिटून सूर लावायची:

"सांगा गं पाखरांनो, कुठं तुमचं गाव..."

पुढं काही म्हणायच्या आत सरांची शिट्टी वाजायची. गाणं तुटायचं आणि मुली आमच्यावर तुटून पडायच्या. पुन्हा गाणं, पुन्हा शिट्टी. मित्रांनो, माझ्या अंगावर दोन-दोन मुली आपटत होत्या, तरी मला त्या पोरीच्या गाण्याचंच जास्त वाईट वाटायचं. तिला पुढची ओळ कुणी म्हणूच देईना. अशाच एका धडपडीत माझा मागचा पाय मोडला. सरांनी तो तारेनं बांधला आणि म्हणाले, "चालतंय."

स्पर्धेच्या दिवशी सकाळी टेम्पो दारात आला. दामिनी दोन वेण्या घालून, इस्त्रीचा गणवेश घालून सगळ्यांच्या आधी हजर होती. आधी आम्हा पाचही खुर्च्यांना आत रचलं, मग मुली चढल्या. दामिनीनं पाय वर ठेवला तेवढ्यात सर म्हणाले, "जागा न्हाई, पोरी. तिथं लाऊडस्पीकर असंल. तू ऱ्हा."

"सर, मी खुर्चीवर बसून येते की."

"खुर्च्या एकावर एक रचल्यात. बसणार कशी?"

तिनं पाय खाली घेतला. टेम्पो सुटला. मी मागच्या बाजूला होते, म्हणून ती फाटकाशी उभी असलेली मला बराच वेळ दिसत राहिली. तिची जागा मी अडवली होती आणि मला खाली उतरता येत नव्हतं.

लातूरला सभागृहाच्या दारातच एका बाईंनी आम्हाला अडवलं. त्या आयोजकांपैकी होत्या.

"सर, खुर्च्या कशाला आणून राहिलात? आमच्याकडं लई हायेत."

"तुम्हीच सांगितलं ना, स्कूल चेअर आणा म्हणून?"

त्या बाई क्षणभर गोंधळल्या आणि मग त्यांनी कपाळाला हात लावला. "चेअर न्हाई हो, क्वायर! चेअर म्हणजे खुर्ची. क्वायर म्हणजे एकत्र गाणाऱ्यांचा गट. लिहायला थोडं सारखं दिसतं, पण उच्चार वेगळा आणि अर्थ तर पार वेगळा. ही समूहगानाची स्पर्धा हाय."

सर माझ्यावरच बसले. तारेनं बांधलेला पाय कुरकुरला. महानंदा बाई एवढंच म्हणाल्या, "आणि गाणारी पोरगी आपण फाटकात सोडून आलो."

आता परत कसं फिरायचं? शाळेचं नाव पुकारलं गेलं. सहा मुली रंगमंचावर गेल्या. त्यांतल्या शिल्पानं धीर करून सुरुवात केली, बाकीच्यांनी सूर मिसळला: "सांगा गं पाखरांनो, कुठं तुमचं गाव..." आणि सगळ्या एकदम थांबल्या. पुढची ओळ कुणालाच येत नव्हती. शिट्टीनं ती कधी ऐकूच दिली नव्हती. सवयीनं दोघी तर खाली बसल्या. सभागृहात हशा पिकला. शिल्पाचे डोळे भरले. मी भिंतीला टेकून होते. त्या हसणाऱ्या लोकांचा मला राग आलाच, पण आमच्या माणसांचा त्याहून जास्त आला.

दुसऱ्या दिवशी प्रार्थनेला शाळा उभी राहिली. प्रार्थना रोज दामिनी सुरू करते. त्या दिवशी तिनं तोंडच उघडलं नाही. सर म्हणाले, "दामिनी, चालू कर."

"न्हाई म्हणणार. तिथं खुर्च्या नेल्या. खुर्च्यांनाच म्हणायला लावा."

कुणी हसलं नाही. महानंदा बाई पुढं आल्या आणि सगळ्यांच्या देखत म्हणाल्या, "दामिनी, मला शंका आली होती. मी जोर धरून विचारायला पायजे होतं. चुकलं माझं." सर खाली मान घालून उभे होते. मग तेही हळूच म्हणाले, "आधी मी चुकलो, पोरी."

आता दुपारच्या सुट्टीत बाई खरंच एका गटाला गायला शिकवतात. मधोमध दामिनी असते आणि गाणं शेवटपर्यंत जातं. पण स्पर्धा पुढच्या हिवाळ्यात. आमची शाळा सातवीपर्यंतच, तोवर दामिनी सातवी संपवून दुसऱ्या गावच्या शाळेत गेलेली असेल. तिचं लातूर हुकलं ते हुकलंच.

आणि मी? गाणारे उभ्यानं गातात, त्यांना खुर्ची लागत नाही. मी अडगळीच्या खोलीत, तारेच्या पायावर तिरकी उभी आहे. मित्रांनो, वेळ मिळाला तर कुणीतरी माझा पाय बसवून घ्या, मी अजून पुष्कळ वर्षं कामाला येईन. पण तो राहिला तरी चालेल. एखादा शब्द कळला नाही, तर मात्र लाजू नका. लगेच विचारा, पुन्हा विचारा, समोरचा चिडला तरी विचारा. लाकडाचा पाय सुताराला जोडता येतो. टेम्पोवरून खाली घेतलेला त्या पोरीचा पाय आता कोण परत वर ठेवणार?