कपाटाचा कौल

गोव्याला राज्याचा दर्जा मिळाला त्या वर्षी डिचोलीतल्या एका हायस्कुलात दोन गोष्टी नव्याने सुरू झाल्या. शिक्षकांच्या खोलीत मराठीवाले आणि कोंकणीवाले वेगवेगळ्या बाकांवर बसून चहा पिऊ लागले, आणि विनोदिनीबाईंच्या वाचनालयात पुस्तकांचा कौल लागू लागला. पहिल्या गोष्टीची चर्चा गावभर झाली. दुसरी मुलांपुरतीच राहिली असती तर बरं झालं असतं, असं बाईंना पुढे काही दिवस वाटत होतं.

विनोदिनी पेडण्याकडच्या कोरगावची. लग्न झालेलं नव्हतं. रोजचं येणं-जाणं जमेना म्हणून डिचोलीत खोली घेऊन राहायची. वाचनालय म्हणजे प्रयोगशाळेच्या मागची खोली, भिंतीला टेकून उभी केलेली कपाटं आणि मधे आडवं ठेवलेलं एक, दोन्ही बाजूंनी काचेचं. खिडकी उघडली की खनिजाच्या ट्रकांची तांबडी धूळ आत यायची, लावून घेतली की घामाच्या धारा लागायच्या. तिने धूळ पत्करली होती. वाचनाच्या तासाला मुलं यायची, कपाटापुढे रेंगाळायची, एखाद्या पुस्तकातली चित्रं बघायची आणि पुस्तक होतं तिथे खोचून निघून जायची. बाईंनी एकदा सातवीतल्या शंभूला धरलं.

"इतकी पुस्तकां आसात, तुका एकय नाका?"

"खंयचें घेवचें तेंच कळना, बाई," शंभू म्हणाला.

हे उत्तर तिच्या डोक्यात बसलं. मुलांना पुस्तक नको होतं असं नाही, निवडणं नको होतं. आणि माणसाला निवडता येईनासं झालं की काय करायचं, हे पेडण्यात जन्मलेल्या कुणाला शिकवावं लागत नाही. देवळात जायचं, गाऱ्हाणं घालायचं, देवाच्या अंगावर ओले कळे चिकटवायचे आणि वाट बघायची. उजवा कळा आधी पडला तर हो, डावा पडला तर नाही. घर बांधायचं, मुलगी द्यायची, जमिनीचा तंटा मिटवायचा, सगळ्याला कौल.

पुढच्या बुधवारी तिने शाळेच्या कुंपणावरच्या पिटकोळीचे लाल कळे खुडून आणले. टेबलावर दोन पुस्तकं उभी केली, प्रत्येकावर एकेक ओला कळा चिकटवला आणि शंभूला समोर उभं केलं. ज्याचा कळा आधी पडेल ते पुस्तक घरी न्यायचं. कौलाने दिलेलं न वाचता परत करायचं नाही, आणि पुढच्या बुधवारी सगळ्यांसमोर त्याची गोष्ट सांगायची. शंभू श्वास रोखून उभा राहिला. महिन्याभरात बुधवारच्या तासाला वरच्या वर्गांतली मुलंही येऊन बसू लागली आणि खोलीत पाय ठेवायला जागा उरेना. मराठीतली पुस्तकं मुलं कोंकणीत सांगत होती, मधेच एखादं वाक्य पुस्तकातलं जसंच्या तसं म्हणत होती, आणि यात काही वेगळं घडतंय हे त्यांच्या गावीही नव्हतं. शिक्षकांच्या खोलीतल्या दोन्ही बाकांनी एकदा येऊन ऐकायला हवं होतं.

आता यातली खरी गोम सांगायला हवी. कौल बाईंच्या बोटांत होता. जास्त ओला कळा टिकतो, ज्याचं पाणी हळूच पदराला टिपलं तो लवकर पडतो. सायकल खोलून बसणाऱ्या शंभूला यंत्रांचं पुस्तक आपोआप मिळालं नव्हतं. वर्गात तोंडातून शब्द न काढणाऱ्या कमलाक्षीला एकामागून एक नाटकंच का मिळतात, याचं तिच्या आईला मोठं नवल वाटायचं. बाईंना याची खंत नव्हती. मुलाला हवं ते पुस्तक कुठलं हे ओळखणं हेच तर आपलं काम, असं ती स्वतःला सांगायची.

हेडमास्तर गोकुळदास सर एका देवस्थानचे महाजन. त्यांच्या कानावर गेल्याशिवाय हे कसं राहणार? ते दारात येऊन उभे राहिले.

"बाई, देवाचो खेळ करूं नाकात."

"देवाचं नावसुद्धा घेत नाही, सर. पुस्तकालाच विचारतो आम्ही."

सरांनी टेबलावरचे कळे पाहिले. मग सर खुर्ची ओढून बसले. "मागीर म्हाका एक लायात पळोवया," म्हणाले. बाईंनी त्यांच्यासाठीही कळे लावले. त्यांच्या वाट्याला मधमाश्या पाळण्याचं पुस्तक आलं. पुढच्या बुधवारी ते सातवीच्या मुलांत बसून मधमाश्यांविषयी बोलले आणि अर्ध्यात अडखळले. पुस्तक पुरं वाचलं नाही हे कमलाक्षीने सर्वांदेखत ओळखलं. त्यानंतर कौलाबद्दल शाळेत कुणी काही बोललं नाही.

नववीतली राणी या सगळ्यात वेगळी. तिचा बाप सुभाष आजऱ्याकडचा, खाणीवर ट्रक भरायच्या कामाला. आई हौसा त्याच कामाला. गोव्यातलं कौलाचं प्रकरण राणीला इथे आल्यावरच कळलं. तिच्यासाठी बाईंना कळ्याचं पाणी टिपावं लागत नव्हतं. कुठलाही कळा पडला तरी पोरगी पुस्तक आठवड्याआत फस्त करून यायची आणि असं सांगायची की मुलं घंटा झाली तरी उठायची नाहीत. बाईंचा तिच्यावर जीव होता, आणि तो त्यांनी लपवलाही नव्हता.

संक्रांत झाली आणि राणी एका बुधवारी काहीच न सांगता बसून राहिली. मुलं गेल्यावर बाईंनी विचारलं.

"गावाकडं आज्जी पडलीया, बाई. खुब्याचं हाड मोडलंय. तिला करून घालायला कोण न्हाई. मला धाडायचं चाललंय."

"परीक्षा झाल्यावर?"

"न्हाई. आत्ताच."

घरातलं करायला म्हणून गेलेली मुलगी शाळेत परत येत नाही. बाईंनी अशा मुलींकडून पुस्तकं परत घेतली होती, आणि ती घेताना त्यांच्याकडे बघवत नसे.

"बाबा काय म्हणतात?"

राणीने मान खाली घातली. "बाबास्नी काय ठरवता येईना. एकीकडं त्यांची आई, एकीकडं मी. त्यांना कामावर कोणीतरी सांगितलं, देवाला कौल लावा म्हणून. पण आपण परगावचे, आपल्या तोंडनं देव बोलंल का, म्हणत्यात. मी मागं घरी सांगितलं होतं, आमच्या शाळेतबी कौल लागतोय, कधी चुकत न्हाई म्हणून. बाबा पुढच्या बुधवारी येणार हाईत. बाजारामुळं दुपारी सुट्टी असती त्यांना."

आता या माणसाला काय सांगायचं? पोरांचा खेळ आहे, असं सांगितलं तर तो उद्या देवळात जाणार, आणि तिथला कळा कुठल्या बाजूचा पडेल हे बाईंच्या हातात नव्हतं.

बुधवारी सुभाष आला. धुतलेला सदरा, हाताच्या भेगांत मात्र खाणीची तांबडी माती. चपला दाराबाहेर काढून तो मधल्या कपाटापुढे हात जोडून उभा राहिला. मुलांनी त्याला वाट दिली. एकजणही हसला नाही.

"आमच्यात असलं काय नसतंय, बाई," तो म्हणाला. "चुकलं तर सांगा. उजवा पडला तर पोरगी हितं ऱ्हाईल. डावा पडला तर गावाकडं. मी शब्द मोडणार न्हाई."

विनोदिनी कळे ओले करायला कपाटाआड गेली आणि तिथेच थांबली. उजवा पाडणं तिच्या हातचा मळ होता. पण तिला स्वतःचा कौल आठवला. मयेच्या एका शिक्षकाचं स्थळ आलं होतं, तिला तो आवडला होता, आणि वडिलांनी कौल लावला. डावा कळा पडला. वडील घरी आले, पाय धुतले, जेवायला बसले, विषय संपला. देवावर ती कधी रागावली नाही. पुस्तकांचे कळे लावायला लागल्यापासून मात्र एक विचार डोकावायचा, त्या दिवशी ते कळे कुणी लावले होते आणि किती पाणी घेऊन. विचार डोकावला की ती दुसऱ्या कामाला लागायची. आज दुसरं काम नव्हतं. कपाटापुढे एक बाप हात जोडून उभा होता, आणि त्याच्या वतीने आपण ठरवून मोकळं व्हावं, हे तिला जड गेलं. चांगल्यासाठी ठरवलं तरी ठरवणारी तीच असणार होती. आणि म्हातारी तिकडे एकटी गेली असती तर तो बाप जन्मभर उजव्या कळ्याकडे बोट दाखवत बसला असता.

फळीवर खळीचा डबा होता. मैद्याची खळ, वाळवी लागू नये म्हणून मोरचूद घातलेली, फाटक्या पुस्तकांच्या पाठी चिकटवायला. तिने दोन्ही कळे खळीत बुडवले.

काचेच्या दोन दारांवर दोन कळे लागले. सुभाषने डोळे मिटले, काहीतरी पुटपुटला, डोळे उघडले. खोलीत नुसते ट्रकांचे आवाज. शाळा सुटल्याची घंटा झाली तरी कळे होते तिथेच होते.

"पडलाच न्हाई तर, बाई?"

"मग देवाला अजून बोलायचं नाही. कौल होईपर्यंत आहे ते मोडायचं नाही, अशी रीत आहे आमच्याकडे," बाई म्हणाल्या. यात एक अक्षर खोटं नव्हतं. अख्ख्या पेडण्याने तिच्या बाजूने साक्ष दिली असती.

सुभाष दर बुधवारी येऊ लागला. आधी दाराशी बसायचा, मग बाकावर बसू लागला. कळे लागायचे आणि राहायचे. वाट बघता बघता तो मुलांच्या गोष्टी ऐकायचा. एकदा साईश नावाच्या मुलाने गोष्ट अर्धीच सांगून खाली बसायचं ठरवलं, तर सुभाषच म्हणाला, "आरं, मग त्या नावाड्याचं पुढं काय झालं? त्याला तसाच सोडलास व्हय?" साईशला उठून पुढचं सांगावं लागलं. राणी उभी राहिली की मात्र सुभाष जमिनीकडे बघत ऐकायचा. गावाहून निरोप येत होते. शेजारीण किती दिवस भाकरी देणार? प्रत्येक निरोपानंतर तो बुधवारी जरा जास्तच वेळ बसायचा. बाईंना त्याची कीव यायची आणि स्वतःचा राग यायचा, पण डबा फळीवरून खाली यायचाच.

वार्षिक परीक्षा तोंडावर आली. त्या बुधवारी डब्यात खळ तळाला गेलेली होती. नवी करायची बाई विसरल्या होत्या. त्यांनी खरवडून होती ती लावली, कळे चिकटवले आणि मुलांना घेऊन खोलीच्या पलीकडच्या टोकाला गेल्या. शंभू गोष्ट सांगत होता. गोष्ट संपवून त्याने वाहनांविषयीचं एक पुस्तक मागितलं, ते काढायला त्या कपाटाआड आल्या, आणि पुस्तकांच्या वरच्या फटीतून त्यांना कपाटासमोरचा बाक दिसला.

डावा कळा पडला होता.

सुभाष त्याच्याकडे बघत बसला होता. एक पाऊल टाकून समोर जावं, असं विनोदिनीला वाटलं, पण ती फळीला धरून तिथेच राहिली. माणसाने शब्द दिला होता, कौल झाला होता.

सुभाष उठला. वाकून त्याने कळा उचलला. देठाशी चिकटलेलं पांढरं काहीतरी त्याच्या अंगठ्याला लागलं. त्याने अंगठा नाकाशी नेला. पुस्तकांच्या पाठींना येतो तोच वास. त्याने उजव्या दारावरच्या कळ्याला बोट लावून पाहिलं. तो हलला नाही. सुभाष हातात कळा घेऊन ऐकू लागला. पलीकडे आता राणी बोलत होती. ती काय बोलत होती ते बाईंना सांगता आलं नसतं, कारण त्यांचं सगळं लक्ष त्याच्या पाठीकडे होतं. ती पाठ आता रागाने वळेल, आणि बरोबरच वळेल, असं त्यांनी धरलं होतं.

त्याने मागे वळून दाराकडे पाहिलं. कुणी नव्हतं. मग त्याने बोट तोंडात घालून ओलं केलं, कळ्याच्या देठाला लावलं आणि डाव्या दाराच्या काचेवर तो दाबून धरला. उष्ट्या बोटाने कौलाच्या कळ्याला कुणी शिवत नाही, हे एव्हाना त्यालाही माहीत होतं. हात काढला तेव्हा कळा राहिला. काचेवर तांबडा ठसा उमटला होता, तो त्याने सदऱ्याच्या बाहीने पुसला आणि बाकावर येऊन हात जोडून बसला.

घंटा झाल्यावर विनोदिनी समोर आली. तिचे डोळे भरले होते, आणि ते लपवायचा तिने प्रयत्न केला नाही.

"आजबी पडला न्हाई, बाई," सुभाष म्हणाला. तो तिच्याकडे सरळ बघत होता.

"नाही पडला."

"आईला हितंच घेऊन येतो म्हणतो. पावसात काम बंद झालं की जायचं, आनि येताना तिला संगट आणायची. तवर शेजारणीच्या हातापाया पडतो. खोली बारकी हाय, पर बसंल."

"कौल होईपर्यंत?"

"व्हय," तो म्हणाला. "कौल हुईपर्यंत."