मार गोधडीला

कवितेचा तास जाणार, हे मला गणिताच्या सरांनी जिन्यात सांगितलं, तेही हसत. मी तडक मोठ्या बाईंच्या खोलीत गेले.

"तपासणी तोंडावर आलीय," त्या म्हणाल्या. "मुलं कविता पाठ करतात, पुढे काय? शुक्रवारी सहावीतल्या एकाची तरी स्वतःची, खरी कविता दाखवा. नाहीतर तास गणिताला."

"एक काय, चाळीस दाखवते!" जीभ माझी अशीच, डोक्याला न विचारता धावते.

घर लांब, एका रविवारात जाऊन येणं होत नाही; म्हणून दिलेला माझा रजेचा अर्ज याच खोलीत दोन आठवड्यांपूर्वी नामंजूर झाला होता. तेव्हा "राहू दे, मला घरची आठवण-बिठवण येत नाही," असं तोऱ्यात सांगून आले होते. धादांत खोटं. पानगळ सुरू झाली की पहिल्या कोरड्या रविवारी आमच्या घरी सगळ्या गोधड्या अंगणात निघतात. दादा आणि मी काठ्यांनी झोडपतो, वहिनी उसवलेल्या जागी टाके घालते, आई नुसते हुकूम सोडते आणि आम्ही बहिणी 'हा तुकडा माझ्या फ्रॉकचा' म्हणून भांडतो. माझा एकही रविवार चुकला नव्हता. यंदा चुकला. दादा फोनवर म्हणाला, "तुझी काठी कोपऱ्यात तशीच आहे गं." फार लागलं ते.

बुधवारी मुलांनी पानगळीवर लिहिलं. चाळीस वह्यांत चाळीस वेळा सोनेरी पानं! खिडकीबाहेरच्या झाडाची पानं चांगली मळकट तपकिरी. "अरे, डोळे काय घरी ठेवून येता?" मी ओरडले. शेवटच्या बाकावरच्या एका मुलीला सगळे खोडरबर म्हणतात. तिने तर खोडून खोडून कागदाला भोक पाडलं होतं.

गुरुवारी मी माझी गोधडी शाळेत नेली, मैदानाच्या कठड्यावर उन्हात टाकली आणि लाकडी पट्टी घेतली. "वास घ्या. आमच्या अंगणाला असाच वास येतो. आता बघा, आणि दिसेल तेच लिहा."

पहिल्या फटक्याला धूळ उडाली, पोरं खोकली, हसली. मग मी मारतच सुटले. शेवटी गणिताचे सर खिडकीतून म्हणाले, "बाई, सोडा आता तिला!"

"धूळ गेली डोळ्यांत," मी म्हटलं. कुणी विचारलं नव्हतं.

शुक्रवारी कागद तपासले. बाकीचे बरे होते, बस्स. खोडरबरच्या कागदावर दोनच ओळी.

मार सगळा गोधडीला,
रडल्या मात्र बाई.

माझा चेहरा खर्रकन उतरला. हा कागद गुपचूप खाली सरकवला असता तर कुणाला पत्ता लागणार होता? पण पोरगी दारात नखं कुरतडत उभी होती.

"बाई, खोडू?"

"खबरदार!" मी तो कागद सगळ्यांत वर ठेवला आणि गेले.

मोठ्या बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "धूळ गेली होती म्हणे?"

"नाही. रडत होते. माझं खोटं, हिची कविता खरी. तुम्ही खरी मागितली होती."

त्यांनी पुन्हा एकदा वाचलं. "तास तुमचाच," त्या हळूच म्हणाल्या.

खोडरबर बाहेरच होती. "राहिला गं तास," मी म्हटलं.

"बाई, खाली अजून दोन ओळी होत्या. तुम्ही रागवाल म्हणून खोडल्या."

"म्हण."

"वास आला घराचा,
घर आलंच नाही."

मी माझं पेन काढून तिच्या हातात दिलं. "याने लिही. हे खोडता येत नाही."