दंडातला कुमिस

सागिन काकांकडे शर्यतीच्या तोडीचा घोडा एकच होता, आणि उद्या त्याच्यावर बसायला दोघं टपलेली: दहावीतली बुरुल आणि तिचा चुलतभाऊ एरमेक, ज्याचे दंड आधी पोचायचे आणि तो मागाहून. लगाम आवरायला दंडात ताकद हवी, असं काकांचं म्हणणं. म्हणून ठरलं, कुमिसने, म्हणजे घोडीच्या आंबवलेल्या दुधाने, काठोकाठ भरलेला वाडगा हात ताठ करून धरायचा. ज्याचा हात आधी खाली येईल तो घरी बसेल. आणि सांडायचं तर नावच नको. पांढरं जमिनीवर सांडणं म्हणजे घरादाराची बरकत पायाखाली तुडवणं.

सरळ खेळून आपला निभाव लागणार नाही, हे बुरुलला पक्कं ठाऊक होतं. ती तंबूच्या दाराबाहेर फतकल मारून बसली. वाडगे आणायला एरमेक आत शिरला, तसं तिने साळसूदपणे आठवण करून दिली की आत पाऊल टाकणाऱ्याने घोडीच्या दुधाची पिशवी घुसळायची असते, आणि आजी बघतेय. आजी खरंच बघत होती. एरमेकने रवी धरली.

मग मागच्या वर्षी त्याच्या हातचा कुमिस कसा फेसाळला होता, याचं बुरुलने कौतुक मांडलं. झालं, गडी हरभऱ्याच्या झाडावर चढला. जरा थांबला की ती विचारायची, दमलास का दादा? की तो दुप्पट जोराने घुसळायचा. घामाने निथळला तेव्हा तिने लगेच काकांना हाक मारली.

दोघांनी बाहेर येऊन वाडगे धरले. बुरुलचा उजवा हात भरून आला, पण एरमेकचा तर लटलट कापायला लागला. वाडगा कलंडणार, इतक्यात त्याने तो तोंडाला लावला आणि घटाघटा रिकामा केला. बरकत वाचली, घोडा गेला.

"माझ्या हाताला झालं तरी काय?" तो दंड चोळत म्हणाला.

"दंडात कुमिस झालाय तुझ्या," बुरुल म्हणाली. "साखर पुरती जाळायची तर पेशींना हवेतला प्राणवायू लागतो. तू असा झपाट्याने घुसळलंस की तो पुरेना. मग त्यांनी साखर अर्धवट मोडून भागवलं आणि आम्ल साठलं. पिशवीतलं दूधही असंच आंबतं. तिथे आंबवतात जंतू, इथे तू."

काका मिशीत हसले आणि लगाम तिच्या हाती दिला. आजी मात्र हसली नाही. वाडगा ठेवायला बुरुलने उंबरा ओलांडला, तशी आजीने रवी पुढे केली.

बुरुलने ती घेतली. डाव्या हाताने.