रेडिएटरमधली हळद

तिरोड्यात माझं गॅरेज आहे. नंदलाल पटलेंची जुनी गाडी वाफा सोडत आली, पण तापमानाचा काटा थंडच दाखवत होता. इंजिनावर दोन सेंसर होते. एका वायरचा सेंसर काट्याचा असतो, म्हणून तोच काढला. त्यावर पिवळा, कुजका लगदा बसला होता. मी तो नंदलालभाऊंसमोर धरला.

“भाऊ, हे काय होय?”

“हळद. रेडिएटर गळून राहिला होता, तं गळती बुजवाले पावभर टाकली.”

“इंजिन होय का भाजी?”

नवा सेंसर बसवून इंजिन चालू ठेवलं. थोड्या वेळात काटा सरळ लालवर गेला. मी म्हटलं, “रेडिएटर चोंदला आहे, खोलून धुवा लागते.”

नंदलालभाऊ भडकले. “कायले? जुनाच सेंसर लाव. त्याच्यानं गाडी थंडी राहे!”