सभेआधीच लिहिलेलं इतिवृत्त

शुक्रवारी दुपारी हेरंब गुप्ते अकोट्याच्या घरी जेवायला आला होता. फोन पाचव्यांदा वाजला आणि त्याने तो पाचव्यांदा पालथा घातला. भात गार होत होता.

"उचल की रे!" आई म्हणाली. प्रेमलाबाईंचं वय चौऱ्याहत्तर, शाळा चौथीपर्यंत, आणि जीभ अशी की सोसायटीचा चेअरमन त्यांना पाहून जिना बदलतो.

"आमच्या मंडळावरच्या नवीन सभासद आहेत. प्रश्न विचारतात."

"मग उत्तर दे."

"तसं नसतं आई. फाइलमध्ये सगळं आहे."

हेरंब शहराबाहेरच्या एका विद्यापीठात नोकरीला. विद्यापीठाचा कारभार अकरा माणसांच्या नियामक मंडळाकडे. त्यांना सभेचे कागद पाठवायचे आणि सभेत काय ठरलं ते, म्हणजे इतिवृत्त, लिहून ठेवायचं, हे हेरंबचं बारा वर्षांचं काम. सभा शनिवारी अकराला, आणि कागद गेले गुरुवारी संध्याकाळी. पानं किती? चारशे बारा! कोण वाचणार? कुणीच नाही. सगळे येतात, खमण खातात, मान हलवतात, गुजरातीत 'चालशे', म्हणजे चालेल, म्हणतात आणि उठतात. आपण बाहेरची माणसं समजतो, शहाणी मंडळी बसली आहेत, बघतील ती. बघतात कुठं?

सहाव्यांदा फोन वाजला तेव्हा प्रेमलाबाईंनीच उचलला. "बोला. मी त्याची आई."

पलीकडे सुनेत्रा मोहिते होत्या. बाजव्याच्या दवाखान्यात तीस वर्षं नर्स होत्या, दोन महिन्यांपूर्वी मंडळावर आल्या होत्या.

"मावशी, कालपासून वाचतेय. डोळे दुखायला लागले. सतरावा विषय काही कळत नाही. 'मुलींच्या वसतिगृहाच्या इमारतीचे पुनर्नियोजन.' म्हणजे करणार काय? ऑफिसात विचारलं तर म्हणाले लेखी द्या, आठ दिवसांत उत्तर मिळेल. सभा उद्या आहे हो! मला वाटतं मी राजीनामाच द्यावा. माझ्यासारखीचं तिथं काय काम?"

पलीकडचा आवाज हेरंबला स्पष्ट ऐकू येत होता. त्याला माहीत होतं. जूनपासून वसतिगृह बंद, तिथं पाहुण्यांसाठी विश्रामगृह. तीनशे अठराव्या पानावर, जोडपत्रात, बारीक अक्षरात. चौऱ्याऐंशी मुली होत्या, छोटाउदेपूरकडच्या, डभोईकडच्या. त्या कुठं जाणार, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. त्यानंही विचारलं नव्हतं.

"पाच मिनिटांत करायला लावते त्याला फोन," म्हणून बाईंनी फोन ठेवला. हेरंबच्या पिशवीतून टाइप केलेला एक कागद डोकावत होता. बाईंनी तो ओढला आणि बोट ठेवून वाचू लागल्या. "शनिवारी झालेल्या सभेत... विषय सतरा... चर्चेअंती सर्वानुमते मंजूर." त्यांनी चष्मा वर केला. "हेरंब, आज वार कोणता?"

"शुक्रवार."

"मग ही सभा झाली कधी?"

हेरंबने कागद परत घ्यायला हात पुढे केला.

"बोल ना! कोण कोण आलं होतं? चर्चा कुणी केली? तू आणि तुझा कॉम्प्युटर?"

"आई, आधी लिहून ठेवलं की सोपं पडतं. कुणी काही बोलतच नाही."

"बोलतील कशानं? तू त्यांना काही कळूच देत नाहीस!"

"मी नाही, आमचे कुलसचिव, प्रतापसिंह साहेब. ते म्हणतात सभासदांना फार समजावत बसू नका, कामं अडतात. मी या बाईंना सांगितलं तर माझी बदली होईल. पुढच्या वर्षी माझ्या प्राचीची बारावी आहे, लेकीची शाळा कुठं बदलू?"

बाईंचा आवाज खाली आला. "तू दहा दिवसांचा होतास. तुझे बाबा रेल्वेच्या कामावर बाहेरगावी. एक बाबू कागद घेऊन आला. म्हणाला, सही करा बेन, नेहमीचंच आहे. मी म्हटलं, आत काय लिहिलंय ते सांग. तो सांगेना, मी सही करीना. शेवटी बोलला. आम्ही राहत होतो ते रेल्वेचं क्वार्टर आठ दिवसांत खाली करायचं होतं! सही केली असती तर तुला घेऊन मी रस्त्यावर. त्या बाबूला मी अडाणी वाटले. मी अडाणी नव्हते रे, तो सांगायला आळशी होता. आज तो बाबू तू आहेस. जेव, नाहीतर जेवू नकोस, पण त्या बाईंना फोन कर."

हेरंबने ताट सरकवलं आणि फोन लावला. "सुनेत्राबेन, राजीनामा देऊ नका. सतरावा विषय सांगतो."

मग ऑफिसात जाऊन त्याने एकच पान लिहिलं. कोणत्या विषयात काय ठरणार, कुणावर परिणाम होणार, कोणती माहिती अजून आलेली नाही. साध्या शब्दांत. अकराही जणांना पाठवलं आणि प्रत्येकाला फोन केला. कुलसचिवांनाही पान दिलं. त्यांनी ते वाचून बाजूला ठेवलं. "उद्या बघू," एवढंच म्हणाले.

शनिवारी सतरावा विषय आला. सुनेत्राबाई उठल्या, आवाज जरा चिरका झालेला. "जूनमध्ये या चौऱ्याऐंशी मुली झोपणार कुठं?"

सगळे प्रतापसिंहांकडे बघू लागले. प्रतापसिंह कागद चाळू लागले. "व्यवस्था झाल्याचं मला सांगण्यात आलं होतं."

"कुणी सांगितलं?"

प्रतापसिंहांनीही कधी विचारलं नव्हतं. वीस वर्षं मंडळावर असलेले श्रीपतराव हळूच म्हणाले, "मी आजवर चालशे म्हणत आलो. काल पहिल्यांदा कळेल असं पान आलं, म्हणून वाचलं. हे नाही चालणार."

मुलींची दुसरी सोय डोळ्यांनी बघितल्याशिवाय वसतिगृह बंद करायचं नाही, असं ठरलं. कागद दहा दिवस आधी, वर एक सोपं पान, आणि शंका विचारायला फोन उचलणारा माणूस, हेही ठरलं. "तो माणूस तुम्हीच," प्रतापसिंह हेरंबला म्हणाले. आवाजात गोडवा नव्हता, पण बदलीचं नावही नव्हतं.

घरी आल्यावर हेरंबने आईपुढे वही धरली. गिचमिड अक्षर, खाडाखोड, बाणाबाणांनी भरलेली.

"हे काय रे, कोंबडीनं लिहिलंय?"

"सभेत लिहिलं, आई. माणसं बोलत होती."

मंडळी, तुम्हीही कुठल्या ना कुठल्या कमिटीवर असाल, शाळेच्या, सोसायटीच्या, देवळाच्या. समजल्याशिवाय मान हलवू नका. आणि कागद तुमच्या हातातून जात असेल, तर समोरच्याला समजेपर्यंत सांगा. खुर्चीवर बसवलेल्या माणसाला अंधारात ठेवलं, तर ठेच त्याला लागत नाही, लांबच्या गावाहून शिकायला आलेल्या कुणाच्या तरी लेकीला लागते!